तास मोजता, पोराकडे कधी बघणार?

आपल्या समाजात रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोराबद्दल दोनच निकाल लागतात. एक, "बिघडला." दुसरा, "पोरं आहेत, खेळणारच." पहिला निकाल घरचे, मोहल्ल्यातले बुजुर्ग आणि जुम्याच्या बयानात कुठूनही सुरुवात करून शेवटी मोबाइलवर येणारे मौलाना देतात. दुसरा निकाल त्या पोराचे दोस्त देतात आणि तो पोरगा स्वतः देतो. दोन्ही बाजू एकमेकांवर चिडलेल्या असतात, पण एका बाबतीत त्यांचं मस्त जमतं. दोघांनाही डॉक्टरकडे जायचं नसतं. बिघडलेल्याला डॉक्टर कशाला? त्याला दोन लगावा, चाळीस दिवसांच्या जमातीत पाठवा, नाहीतर लग्न लावून द्या. आणि जो बिघडलेलाच नाही, त्याच्यासाठी डॉक्टरचा विषयच निघत नाही.

मी पहिल्या बाजूचा होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना "हा कोण आम्हाला शिकवणारा" असं वाटलं, तर उत्तर तयार असेल: मी तो माणूस आहे ज्याने आपल्या सख्ख्या धाकट्या भावाचा मोबाइल अंगणातल्या पायरीवर आपटून फोडला, आणि वर तीन खालांसमोर त्याला "नशेडी" म्हटलं.

आम्ही चिपळूणचे. अब्बा कुवेतला, मी नोकरीसाठी पनवेलला, घरी अम्मी आणि छोटा. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन क्लाससाठी त्याला फोन घेऊन दिला. तो दहावीत होता. गेम तेव्हाच सुरू झाला, पण त्यात काही विशेष नव्हतं, सगळ्यांचीच पोरं खेळत होती. गाडी घसरली ती पुढच्या वर्षी. २०२३च्या पावसाळ्यापर्यंत तो रात्रभर जागा आणि दिवसभर झोपलेला असायचा. बारावीत दोन विषय राहिले होते आणि ते त्याने आम्हाला दोन महिने सांगितलंच नव्हतं. जेवण खोलीत. अम्मीशी बोलणं म्हणजे "हं" आणि "नको". फोन मागितला की अंगावर यायचा. मी तास मोजले. आठ, नऊ, एका रविवारी अकरा. तेवढ्या आकड्यावर माझं निदान झालं होतं.

आता जागतिक आरोग्य संघटनेने हे निदान कसं करायला सांगितलंय ते बघा. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-११, मे २०१९मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. त्यात 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार ६सी५१ या क्रमांकाने आहे. व्याख्येत तीन गोष्टी आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणं: कधी सुरू करायचं, किती वेळ, कधी थांबायचं हे हातात न राहणं. दुसरी, खेळाला बाकी सगळ्यावर अग्रक्रम मिळत जाणं, इतका की आवडीच्या आणि रोजच्या गोष्टी मागे पडतात. तिसरी, नुकसान होतंय हे दिसत असूनही चालूच ठेवणं किंवा वाढवणं. शिवाय या सगळ्यामुळे घर, नाती, शिक्षण, काम यांत ठळक बिघाड झालेला हवा, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं हवं. लक्षणं सगळी असतील आणि तीव्र असतील तर डॉक्टर कमी मुदतीतही निदान करू शकतात.

पुन्हा वाचा. त्यात तास कुठे आहेत? नाहीत. रोज चार तास खेळूनही पास होणारा, अम्मीला बाजारातून सामान आणून देणारा, मित्राच्या निकाहात नाचणारा पोरगा आजारी नाही, तुम्हाला त्याचं खेळणं कितीही खटकत असलं तरी. आणि दोनच तास खेळणारा, पण त्या दोन तासांसाठी खोटं बोलणारा, नोकरीवर दांड्या मारणारा, थांबायचं ठरवून दहाव्यांदा हरलेला माणूस कदाचित आजारी आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या डीएसएम-५ मध्ये 'इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर' घातला तो 'अजून अभ्यास हवा' या यादीत. तिथे नऊ निकष आहेत आणि वर्षभरात पाच तरी बसायला हवेत. मनात सतत खेळच असणं, बंद केल्यावर चिडचिड-बेचैनी, बाकी छंद सुटणं, किती खेळतो याबद्दल खोटं बोलणं, वाईट मनःस्थितीपासून पळायला खेळणं असे ते निकष. तासांवरून ठरणारा निकष त्यातही नाही.

मग माणसं तास का मोजतात? कारण तास मोजायला पोराशी बोलावं लागत नाही. फोनच सांगतो. मी पनवेलला बसून अम्मीकडून 'स्क्रीन टाइम'चा फोटो मागवायचो. फोटो यायचा, मी फोनवर ओरडायचो. त्या काळात मी त्याला एकदाही विचारलं नाही की तू रात्री झोपत का नाहीस.

हा प्रश्न शेवटी डॉक्टरबाईंनी विचारला. पण तिथपर्यंत पोचायला आम्हाला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांबद्दल मला राग आहे. आधी स्वतःचा, मग इतरांचा.

पहिला मुक्काम अर्थात आमिलसाहेब. नातेवाइकांत कुणीतरी म्हणालं, "नजर आहे. रात्री जागतो, दिवसा झोपतो, डोळे लाल, हे साधं नाही." पाण्यावर दम झाला, तावीज झाला, उशीखाली कागद झाला, आणि दर फेरीला पाकीट झालं. छोटा मुकाट्याने पाणी प्यायचा. कुणी दुआ केली, कुराण वाचून फुंकर मारली, त्याने आईच्या जिवाला शांती मिळाली, तर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: "डॉक्टरकडे नेऊ नका, गोळ्यांनी काम बिघडेल." हे वाक्य आमिलसाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले. दुआ करणारा माणूस औषध बंद करायला सांगू लागला की तो दुकानदार झाला, आणि समोरच्या दुकानाची बदनामी करतो आहे एवढंच समजा.

आणि हे आपल्या परंपरेत बसतं, असं कुणी सांगू नये. उपचार घ्या, ही नबींची शिकवण मदरशातल्या लहान पोरालाही माहीत असते. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला, त्यात भीती, संताप, उदासी यांची वेगवेगळी चर्चा केली आणि मनाच्या दुखण्याला दुखणं म्हणून वागवलं. जिन्नाच्या खात्यावर टाकून मोकळे झाले नाहीत. हजार वर्षांनंतर आपण मागे सरकलो असू, तर तो दोष बल्खींचा नाही.

दुसरा मुक्काम त्याहून वाईट. ओळखीतल्या एकाने दुसऱ्या जिल्ह्यातल्या 'केंद्रा'चा नंबर दिला. फोनवरचा माणूस ठामपणे बोलत होता. महिन्याला पंधरा हजार, किमान तीन महिने, फोन नाही, भेट नाही. "तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची गाडी रात्री येईल, पोरगा झोपेत असताना उचलतो. घरच्यांनी दार उघडून ठेवायचं." मी विचारलं, डॉक्टर कोण आहेत? म्हणाला, "डॉक्टर येतात अधूनमधून. इथे शिस्त असते." आणि मी, सुशिक्षित माणूस, हो म्हणायच्या बेतात होतो. अम्मीने अडवलं. तिला कायदा माहीत नव्हता. ती एवढंच म्हणाली, "माझ्या घरातून माझ्या पोराला चोरासारखं कोणी नेणार नाही."

कायदा अम्मीच्या बाजूने होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की नोंदणी नसलेलं मानसिक आरोग्य केंद्र चालवता येत नाही. अठरा वर्षांवरच्या माणसाला घरच्यांनी सह्या केल्या म्हणून डांबून ठेवता येत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचंच झालं तर दोन तज्ज्ञांनी, ज्यात एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आजार तेवढा गंभीर असावा लागतो आणि तेही ठरावीक मुदतीसाठी. अल्पवयीन मुलासाठी अटी त्याहून कडक आहेत. साखळीने बांधणं पूर्ण बंद आहे. ज्यांना हे कागदी वाटतं, त्यांनी एरवाडी आठवावं. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे गेले. त्यांनाही घरच्यांनीच, प्रेमापोटी आणि कंटाळून, तिथे आणून सोडलं होतं. गेमच्या नावाखाली आज पोरं कोंडणाऱ्या 'केंद्रां'ना मी त्याच रांगेत उभं करतो. व्यसनमुक्तीची सगळीच केंद्रं तशी नसतात, महाराष्ट्रात चांगलं काम करणारी केंद्रंही आहेत. पण नोंदणीचा कागद आणि डॉक्टरचं नाव मागितल्यावर समोरचा चिडला, तर फोन ठेवा.

शेवटी आम्ही सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. अम्मीच्या साखरेच्या गोळ्या आणायला जाताना छोट्याला सोबत घेतलं आणि रांगेत उभं केलं, असा तो साधा प्रकार. खर्चाच्या भीतीने थांबलेल्यांसाठी सांगतो: १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

डॉक्टरबाईंनी मला आणि अम्मीला बाहेर बसवलं. नंतर छोट्याने मला सांगितलेले त्यांचे प्रश्न मी लिहून ठेवलेत. कोणता गेम खेळतोस, त्यात तू कोण असतोस? हरल्यावर काय होतं? कोणाबरोबर खेळतोस, ते तुला गेमबाहेर ओळखतात का? थांबायचं कधी ठरवलं होतंस का, मग काय झालं? गेम नसता तर रात्री एक ते चार काय केलं असतंस?

शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला, "जागाच राहिलो असतो."

२२ जुलै २०२१. चिपळूणकरांना तारीख सांगावी लागत नाही. वाशिष्ठीचं पाणी रात्री वाढलं, पहाटेपर्यंत शहर पाण्याखाली. मी पनवेलला होतो. अम्मी आणि हा सोळा वर्षांचा पोरगा माळ्यावर, खाली पाण्यात कपाटं आपटत होती, आणि त्याने अम्मीला वर ओढून घेतलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढला, फ्रिज फेकला, नुकसानीचे फॉर्म भरले. सगळे म्हणाले पोरगा बहादूर आहे. त्यानंतर पावसाचा आवाज आला की त्याला झोप लागत नव्हती, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्या वेळी जागी असायची ती फक्त त्याची स्क्वॉड: एक बिहारचा, एक हैदराबादचा, एक कोण कुठला. हेडफोन लावला की पाऊस ऐकू येत नसे.

मी अंगणात फोडला तो हेडफोन लावलेलाच फोन होता.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरबाईंनी आम्हाला एकत्र बसवून सांगितलं की गेमिंग डिसऑर्डरचे निकष बसतात, पण त्याच्याखाली पुरापासूनची भीती आणि नैराश्य आहे, आणि दोन्हींवर एकदम काम करायचं. तिसऱ्या भेटीत, हे लक्षात घ्या. पहिल्या पंधरा मिनिटांत नाही. यूट्यूबवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत तर नाहीच. प्रश्नावल्या असतात, चांगल्याही असतात, पण त्या 'पुढे चौकशी करा' एवढंच सांगतात. निदान माणूस करतो, दुसऱ्या माणसाशी बोलून.

आता इथे हुशार वाचक अडवेल. म्हणेल, म्हणजे खरा आजार पुराचा होता, गेम नुसतं लक्षण. मग गेमिंग डिसऑर्डर असं काही असतं का? हा आक्षेप फालतू नाही. आयसीडी-११ तयार होत असतानाच संशोधकांच्या एका मोठ्या गटाने जाहीर विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, पुरावा कच्चा आहे, निकष दारू-जुगारावरून उचललेत, आणि यातून लाखो निरोगी खेळणारी पोरं आजारी ठरवली जातील, आईबापांना धाक दाखवायला नवं हत्यार मिळेल. त्यांची शेवटची भीती आपल्या मोहल्ल्यात रोज खरी होताना मी बघतो. तरी मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. छोट्याचं दुखणं पुरातून सुरू झालं असेल, पण दोन वर्षांनी खेळ स्वतःच एक दुखणं बनला होता. पाऊस नसलेल्या मार्चमध्येही तो थांबू शकत नव्हता. पेपरच्या आदल्या रात्री त्याला थांबायचं होतं, रडत होता, आणि खेळत होता. याला नाव नसेल तर उपचारही नसतो, हे मी अनुभवावरून सांगतो.

आणि नाव असलं म्हणजे सगळ्यांना लावायचं असं नाही. सतरा देशांतल्या ५३ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण सुमारे तीन टक्के निघालं, आणि ज्या अभ्यासांत माणसं नीट निवडली होती तेवढेच धरले तर दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरात दोन किंवा तीन. मौलानासाहेबांनी मिंबरवरून जी 'पूर्ण पिढी बरबाद' केली, ती बरबाद नाही. पण एखाद्या मोठ्या मोहल्ल्यात हजार तरुण असतील तर वीस-तीस जण खरोखर अडकलेले असू शकतात, आणि त्या आरडाओरड्यात नेमके तेच दिसत नाहीत. सगळ्यांनाच ओरडलं की ज्याला मदत हवी तोही मान खाली घालून बाकीच्यांबरोबर उठून जातो.

आता दोस्तांनो, तुमच्या बाजूचंही बोलू. "मी ई-स्पोर्ट्समध्ये करिअर करतोय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. करा. खरंच खेळाडू असाल तर तुमच्याकडे सरावाची वेळ असेल, झोपेची वेळ असेल, कोणत्या स्पर्धेत उतरलात त्याची नोंद असेल. क्रिकेटवाला पहाटे मैदानावर जातो, पण तीन दिवस आंघोळ न करता मैदानावरच झोपत नाही. दुसरं वाक्य, "कधीही सोडू शकतो." ठीक आहे, आठवडाभर फक्त ठरवलेल्या वेळी खेळा आणि कुणालाही न सांगता स्वतःच्या वहीत लिहा काय झालं. जमलं तर हा लेख इथेच सोडून खेळायला जा, माझी काही हरकत नाही. नाही जमलं, आणि नाही जमलं हे लिहायचीही लाज वाटली, तर पुढे वाचा.

मुलींबद्दल दोन शब्द. आपल्याकडे हा विषय निघाला की सगळे 'पोरगा, पोरगा' करतात, मीही वर तेच केलं. मुलगी खेळते तेव्हा ती पांघरुणाखाली, आवाज बंद करून, खोट्या पुरुषी नावाने खेळते, आणि पकडली गेली तर प्रश्न खेळाचा राहत नाही, 'कोणाशी बोलत होतीस' असा होतो. त्यामुळे ती डॉक्टरपर्यंत पोचण्याआधीच तिचं कॉलेज सुटतं. याला कोणता आजार म्हणायचं, आणि कोणाचा?

पैशाच्या गेमचा मामला वेगळा आहे, त्याची इथे भेळ करू नका. रमी, पैज, 'टीम बनवा' यांत जे चालतं त्याला जुनं नाव जुगार. संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. तिथे उपचाराबरोबर कर्जाचा हिशोबही करावा लागतो, आणि घरच्यांनी दागिने गहाण टाकून कर्ज गुपचूप फेडलं तर आजार पोसला जातो.

मात्र बंदीवर माझा फार भरवसा नाही. मार्च २०१९मध्ये राजकोट पोलिसांनी पबजी खेळण्यावर बंदी घालून काही विद्यार्थ्यांना अटकही केली. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्राने पबजीच बंद केला, आणि कारण पोरांची तब्येत नव्हतं, चीनशी बिनसलेलं होतं. फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायर गेला. पोरं त्याच दिवशी फ्री फायर मॅक्सवर गेली. दक्षिण कोरियाने २०११मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्रीनंतर गेम बंद केला आणि दहा वर्षांनी सरकारनेच तो कायदा गुंडाळला. बंदीने सरकारला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, जसं मला फोन फोडल्यावर पाच मिनिटं मिळालं होतं.

त्यापेक्षा गेम बनवणाऱ्यांची गचांडी धरा. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडणार, सीझन संपायच्या आत पूर्ण करा, आत काय आहे ते न सांगता विकलेली पेटी, हे सगळं पोराच्या कमजोर ईमानातून आलेलं नाही. पगार घेणाऱ्या हुशार माणसांनी ते तसं बांधलंय. डिसेंबर २०२२मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबर ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. मुलांची माहिती बेकायदा गोळा करणं आणि बटणांच्या मांडणीने फसवून खरेदी करायला लावणं, असे आरोप होते. बेल्जियमने २०१८मध्ये अशा काही पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. आपल्याकडे ग्राहक म्हणून तक्रार करायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण आपण अजून पोरालाच झोडपण्यात गुंग आहोत.

उपचारात काय होतं, हे न सांगता "उपचार घ्या" म्हणणं म्हणजे पत्ता न देता दावत देणं. म्हणून थोडं सविस्तर.

सर्वात जास्त पुरावा आहे तो बोलण्यातून होणाऱ्या, विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराचा, ज्याला सीबीटी म्हणतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १४३ पुरुषांवरचा एक नीट केलेला प्रयोग २०१९मध्ये जामा सायकायट्री या नियतकालिकात आला. पंधरा आठवड्यांचा उपचार घेतलेल्या ७२ पैकी ५० जण बरे झाले. नुसती वाट बघणाऱ्या ७१ पैकी १७. हा एकच प्रयोग आहे आणि फक्त पुरुषांवरचा, त्याची जाहिरात करू नये, पण "याला काही इलाज नाही" म्हणणाऱ्याच्या तोंडावर ठेवायला पुरेसा आहे. गेमसाठी म्हणून खास गोळी नाही. नैराश्य, अतिचंचलता, चिंता सोबत असेल तर त्याची औषधं दिली जातात आणि ती मनाने बंद करायची नसतात.

छोट्याच्या बाबतीत प्रत्यक्षात हे झालं: पंधरा दिवस काहीही न बदलता फक्त वही लिहायची. कधी खेळलो, त्याआधी काय वाटत होतं, नंतर काय वाटलं. मग झोप. झोपायची वेळ एकदम नाही, थोडी थोडी मागे. मग खेळ खोलीतून हॉलमध्ये आणला. फोन इशाच्या नमाजनंतर एक तास त्याच्याकडे आणि मग चार्जिंगला अम्मीच्या उशाशी, आणि हा करार त्याने स्वतः लिहिला होता, आम्ही लादला नव्हता. खेळ पूर्ण बंद करायला डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही. पावसाच्या भीतीवर वेगळ्या बैठका झाल्या. दोनदा घसरला, एकदा सलग तीन रात्री. त्या वेळी मला फोन आला आणि मला सांगण्यात आलं की ओरडायचं नाही. माझा उपचार तो होता. घरच्यांनाही बैठकांना बसवतात, अब्बा कुवेतहून व्हिडिओ कॉलवर दोनदा बसले, पहिल्यांदा काही बोलले नाहीत, दुसऱ्यांदा म्हणाले, "पुराच्या रात्री मी नव्हतो."

जायचं कुठे? जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण म्हणूनही जाता येतं, 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणून दचकू नका. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४पासून याच विषयाचं 'शट' क्लिनिक चालतं. घरातून बाहेर पडणं अवघड असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मरायचे विचार येत असतील तर रांगेची, वहीची वाट बघू नका, आजच फोन करा किंवा थेट इमर्जन्सीत जा. आणि डॉक्टरला सांगितलेलं मोहल्ल्यात फुटेल ही भीती असेल, तर गोपनीयता हा त्याच २०१७च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. फुटतं ते बहुतेक आपल्याच नातेवाइकांकडून.

मशीद कमिट्यांना आणि आपल्या तरुण मंडळांना माझी मागणी अगदी किरकोळ आहे. नोटीस बोर्डावर जनाज्याच्या आणि चंद्याच्या सूचनांच्या शेजारी १४४१६ लिहा. रमजानात तरावीहनंतर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला बोलवा, आणि त्याला बोलू द्या, माइक हातातून घेऊ नका. शादीखान्याचं पटांगण वर्षातले जे दिवस रिकामं असतं त्या दिवशी त्याचं कुलूप काढा, पोरांना बॅडमिंटन खेळू द्या, आणि पोरींनाही. आमच्या इथे ही मागणी तीन मीटिंगांपासून 'विचाराधीन' आहे. दर वेळी कुणीतरी उठून पोरं मोबाइलमुळे कशी बिघडली यावर बोलतो आणि वेळ संपते.

छोटा आता वीस वर्षांचा आहे. बारावी निघाली, आयटीआयला जातो, शुक्रवारी आणि रविवारी खेळतो. मागच्या जुलैत मी घरी होतो. रात्री पावसाने जोर धरला तेव्हा तो खोलीतून उठून हॉलमध्ये आला आणि म्हणाला, "भाईजान, झोपलास का?" मी नव्हतो झोपलो. चारपर्यंत आम्ही दोघं बसलो होतो. मधे एकदा त्याने मला तो गेम शिकवायचा प्रयत्न केला. मी पहिल्याच मिनिटाला मेलो.